आधी नोंद, मग खोडरबर

महालक्ष्म्या जेवणार होत्या त्या दिवसाची गोष्ट. सप्टेंबर 2024. इंदूरच्या सुदामा नगरातलं आमचं घर सवाष्णींनी भरलेलं, पुरण वाटून तयार, आणि सोळा भाज्यांतलं पडवळ कुठेच मिळालं नाही म्हणून आईंचा जीव खालीवर. आई म्हणजे माझ्या सासूबाई. फोन फ्रिजवर चार्जिंगला होता. पहिली पंगत बसायच्या आधी किती वाजले बघायला उचलला, तर एका अनोळखी खात्यावरून मेसेज: "मॅम, ये आप ही हो ना?" खाली माझा फोटो. आमच्या खोलीतल्या आरशासमोर मी स्वतः काढलेला, पुण्याला नोकरी करणाऱ्या नवऱ्यासाठी. अंगावर काय नव्हतं ते सांगत बसत नाही.

फोन पालथा ठेवला आणि वाढायला गेले. तूप वाढताना हात जरासुद्धा कापला नाही. एका काकूंनी साडीचं कौतुक केलं, तर काठ कुठून बदलून घेतला तेही मी सांगितलं. सगळं कोसळलं ते रात्री साडेअकराला, पितळेची भांडी पुसून माळ्यावर ठेवल्यावर. बाथरूममध्ये नळ सोडून बसले आणि मेसेज पूर्ण उघडला. सहा फोटो होते, एका मेसेजिंग ॲपवरच्या चॅनलची लिंक होती आणि खाली, "15000 भेज दो, नहीं तो आपके सब फॉलोवर को जाएगा." पैसे पाठवायला यूपीआय आयडीसुद्धा दिला होता. हे त्यानं एक बरं केलं, पण ते मला नंतर कळलं.

बोट ब्लॉकवर होतं. ब्लॉक करायचं, मेसेज उडवायचा, खातं बंद करायचं, फोन फॉरमॅट करायचा, डोक्यात एवढंच. हातून झालं नाही याचं श्रेय माझ्या हिमतीला नाही, नोकरीला आहे. सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी अकरा वर्षं हिशेब बघते. व्हाउचर फाडलं की तो व्यवहार झालाच नाही असं ऑडिटर धरून चालतो, हे अंगात मुरलेलं. हा मेसेज म्हणजे त्या माणसाच्या हातचं व्हाउचर होतं आणि मी तेच फाडायला निघाले होते.

उठून दोनशे पानी वही काढली. रकाने आखले: तारीख, वेळ, कुठे दिसलं, पूर्ण लिंक, खात्याचं नाव, काय केलं, पावती क्रमांक, आजची स्थिती. मग एकेक स्क्रीनशॉट. नुसत्या फोटोचा नाही, वरची लिंक, खात्याचं नाव आणि वेळ दिसेल असा. चॅनल वर-खाली फिरवतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग घेतलं, म्हणजे हे चित्र मी कुठून तरी जोडून आणलं असं कुणाला म्हणता येऊ नये. लिंक अक्षर न् अक्षर उतरवली. खात्याचं नाव माणूस पाच मिनिटांत बदलतो. सगळं पेन ड्राइव्हवर टाकलं. उत्तर दिलं नाही, पैसे दिले नाहीत. पैसे द्यावेत असं वाटलं नाही असं मात्र नाही. पगार नुकताच झाला होता आणि पंधरा हजारांत हे मिटत असेल तर, असा हिशेब रात्री दोनपर्यंत चालला होता. पण ज्याच्याकडे फाइल आहे तो ती परत देऊ शकत नाही, त्याची नक्कल त्याच्याकडे राहणारच. उधारी एकदा फेडली की खातं बंद होतं, इथे फेडल्यावरच उघडतं.

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले, आणि ते त्या अनोळखी माणसामुळे नाही. फोटो मी एकाच माणसाला पाठवले होते. नवरा पुण्यात दोन सहकाऱ्यांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. त्याला फोन करून पहिलं वाक्य काय बोलले असेन तर, "तुझा फोन कुणाच्या हातात असतो?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो." सकाळी आला तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. त्यानं आपला फोन माझ्यासमोर ठेवला, पासवर्डसकट, आणि आंघोळीला गेला.

वही पुन्हा वाचताना लक्षात आलं, की सहापैकी एक फोटो मी त्याला कधी पाठवलाच नव्हता. त्यात माझे डोळे अर्धवट मिटलेले आणि मागे इस्त्रीचं टेबल दिसतंय. वाईट आला म्हणून त्याच मिनिटाला डिलीट केलेला. तारीखही आठवली, नागपंचमी, 9 ऑगस्ट. म्हणजे तो माझ्याच फोनमधून गेला होता, आणि तोही गॅलरीच्या कचरापेटीतून. डिलीट केलेला फोटो माझ्या फोनमध्ये 30 दिवस तिथेच पडून राहत असे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. 9 ऑगस्टपासून तीस दिवस, म्हणजे 8 सप्टेंबर. एवढ्या काळात माझा फोन माझ्याशिवाय कुणाकडे होता? एकदाच, राखीच्या दोन दिवस आधी. डिस्प्ले फुटला म्हणून ऑफिसच्या वाटेवरच्या एका दुकानात रात्रभर ठेवला होता. त्यांच्या पावतीवर नऊ ठिपके छापलेलेच असतात, लॉकचा पॅटर्न काढून द्यायला. तो मी माझ्या हातानं, माझ्याच पेनानं काढून दिला होता. ऑनलाइन साठवणुकीचं खातं कुठल्या यंत्रांवर उघडलंय तीही यादी तपासली. आमच्या घरच्या दोन सोडून तिसरं नव्हतं.

नवरा बाथरूममधून बाहेर आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे सरकवली. माफी तोंडी मागता आली नाही. त्यानं वाचलं आणि दुकानाच्या पावतीचा फोटो काढून ठेवला.

आता मुख्य पेच. मला फोटो लवकरात लवकर उडवायचे होते आणि पोलिसांना ते तिथे दिसायला हवे होते. ही दोन कामं एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात आणि बहुतेकजणी इथेच फसतात. मीही फसणार होते. उत्तर माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याखालच्या 2021 च्या नियमांत सापडलं: तक्रारीवरून काढलेली सामग्री आणि तिच्या नोंदी कंपनीला तपासासाठी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे लोकांना दिसणं बंद होतं, पण कंपनीकडचा माग पुसला जात नाही. तेव्हा क्रम ठरला. आधी माझ्याकडची नोंद, मग सरकारी तक्रार, आणि त्याच रात्री हटवायची तक्रार.

1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला होता. तिथून सांगितलं की पैसे गेले असतील तर ही लाइन, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जा. पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पण बिननावी तक्रारीचं पुढे काय झालं ते तुम्हाला बघता येत नाही. ज्या बिलावर नंबरच नाही त्याचा पाठपुरावा कसा करणार? मी नाव दिलं. पावती क्रमांक वहीत चढवला. मात्र पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे तिथे पुरेशा मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. त्यासाठी थान्यातच, म्हणजे पोलीस ठाण्यात, जावं लागलं.

थान्यात गेले तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुका, तोंडावर आलेल्या. इंदूरचा अर्धा पोलीस बंदोबस्ताच्या बैठकीत. लिखापढी बघणारे मुन्शीजी म्हणाले, "आवेदन दे जाओ मॅडम, झांकी के बाद देखेंगे." मग आवेदन वाचता वाचता थांबले. "फोटो आपने खुद खींचे?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की खटला तिथेच निकाली निघाला. ते जुन्या सवयीनं आधीच्या दंड संहितेतलं तीनसौ चौवन-सी म्हणत होते. मी 1 जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 चं पान छापून नेलं होतं. त्याच्या खाली स्पष्टीकरण आहे: बाईनं फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. तेवढं वाक्य मी पिवळ्या शाईनं रंगवलं होतं. आयटी कायद्याचं, खासगीपणाच्या भंगाचं कलम 66-ई जोडलं, तर ते म्हणाले, हा तपास टीआय साहेबच, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, करतील. त्यात तथ्य आहे, आयटी कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याला करता येत नाही. पण साहेब झांकीच्या मार्गावर होते.

दुसऱ्या फेरीला आई माझ्याबरोबर आल्या. त्यांना सांगणं हे सगळ्यात अवघड असेल असं मला वाटायचं. मी सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. "त्याला माहीत आहे?" "हो." "बरं." पुढे दहा मिनिटं नुसता शेंगांचा आवाज. मग म्हणाल्या, "असले फोटो काढायचेच कशाला पण." मी उठून आत गेले. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, उद्या किती वाजता जायचंय. थालीपिठांचा डबा घेऊन बाकावर दोन तास बसल्या, भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या, आणि मुन्शीजींनी पुन्हा तोच प्रश्न काढल्यावर आपल्या मराठी हिंदीत म्हणाल्या, "भैया, हमारे घर चोरी होती तो आप क्या पूछते, दागिने क्यूँ बनवाए?" दागिने हा शब्द मुन्शीजींना कळला की नाही ठाऊक नाही. पण बसायला खुर्ची मिळाली.

जबाब महिला उपनिरीक्षकांनी घेतला. मी मागितल्यावर मिळाल्या, आपणहून नाही. सगळ्यात वाईट क्षण वेगळाच होता. एका शिपायाला फायलीला लावायला फोटोंचे प्रिंट हवे होते आणि प्रिंटर होता बाहेरच्या खोलीत, जिथे चार माणसं चहा पीत उभी. मी प्रिंट देणार नाही म्हटलं. आवाज चढला असेल. पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकीट बंद, त्यावर माझी आणि मॅडमची सही, असं ठरलं. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, त्यात फाइलींची हॅश किंमत. हॅश म्हणजे फाइलीतून गणितानं काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा. फाइल जराशी बदलली तरी ठसा बदलतो, म्हणून मधे कुणी हात लावला नाही हे दाखवता येतं. माझ्या शरीराचं चौसष्ट अक्षरांत रूपांतर झालेलं बघून मला त्या खोलीत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. त्या अक्षरांकडे कोण कसं बघणार?

आवेदनात एक विनंती वेगळी लिहिली होती. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं, पण लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. माझी टाकू नये. नवव्या दिवशी एफआयआरची कायमी, म्हणजे नोंद, झाली, प्रत फुकट मिळाली. अजून दोन दिवस गेले असते तर मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणं मांडायला, जायचं म्हणून अर्ज तयारच होता.

इकडे हटवायचं काम रात्री चालायचं. पहिली तक्रार मी ॲपमधल्या साध्या बटणावरून केली आणि घाईत प्रकार चुकीचा निवडला. उत्तर आलं: आमच्या नियमांचा भंग दिसत नाही. त्या ओळीनं मला मेसेजपेक्षा जास्त रडवलं. मग कळलं की अशा प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. इतर तक्रारींना तेव्हा 15 दिवस असत, पण नग्न किंवा अर्धनग्न फोटो आणि बनावट मॉर्फ केलेली चित्रं यांच्यासाठी तेव्हाच्या नियमात 24 तासांची मुदत होती, आणि तक्रार बाईनं स्वतः किंवा तिच्या वतीनं दुसऱ्यानं केली तरी चालायची. मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. रडगाणं नाही. लिंक, तारीख, फोटो माझा आहे, संमती नाही, अमुक नियम, पोर्टलचा पावती क्रमांक. सात तासांत चॅनल गेलं. तेच फोटो, तीच लिंक, फरक फक्त खिडकीचा. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, मला लागलं.

चॅनल गेलं म्हणून फोटो गेले नाहीत. ते दुसरीकडे उगवत होते. त्यासाठी स्टॉपएनसीआयआय नावाची विनामूल्य सोय वापरली, ब्रिटनमधली एक संस्था डिसेंबर 2021 पासून ती चालवते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, फोटो लपवायला फोटो द्यायचे? पण फोटो द्यायचे नसतात. आपल्याच फोनवर त्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त ठसा जातो. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ज्या कंपन्या त्यात सामील आहेत, त्या आपल्याकडे येणारे फोटो त्याच्याशी ताडून बघतात. प्रकरण क्रमांक आणि पिन मिळतो, तो हरवला तर पुन्हा स्थिती बघता येत नाही. मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. सामील नसलेल्या साइटवर याचा उपयोग शून्य, आणि अठराच्या आतल्या मुलींसाठी ही सोय नाही. त्यांच्यासाठी टेक इट डाउन नावाची वेगळी आहे.

गूगलकडे वेगळा अर्ज केला, की माझ्या नावानं शोधलं तर ती पानं दाखवू नका. त्यांनी काढली. पान मूळ जागी राहतंच, पण पाटी उतरली तरी पुष्कळ. परदेशातल्या दोन साइट ईमेलला उत्तरच देत नव्हत्या. तिथे एकानं कॉपीराइटची वाट सुचवली: फोटो मी काढला म्हणजे मालकी माझी, नोटीस पाठवा. वाट खरी आहे, पण त्या नोटिशीवर आपलं नाव-पत्ता जातो, आणि तो थेट त्या साइट चालवणाऱ्यांच्या हातात पडू शकतो. मी एका साइटला पाठवली, दुसरीला धीर झाला नाही. जिच्या यंत्रावर ती साइट ठेवलेली होती त्या कंपनीला लिहिलं.

आणि एक मावसभाऊ. त्यानं ते चॅनल माझ्या आधी चार दिवस पाहिलं होतं. कुणी तरी ग्रुपवर टाकलं होतं. "तुला कसं सांगू कळेना," म्हणाला. खात्री करायला म्हणून दोन मित्रांना पाठवलं होतं. खात्री! त्याच्याशी मी बोलते, सणवारी जेवायलाही वाढते. पण त्याचं नाव वहीत आहे.

दुकानाचं म्हणाल, तर मालक "हमारे यहाँ ऐसा नहीं होता" यावर ठाम होते. काम करणारा मुलगा गावी निघून गेला होता, तो दोन महिन्यांनी सापडला. चालान, म्हणजे आरोपपत्र, सादर झालं, तारखा पडताहेत, त्यावर अधिक लिहिणं बरं नाही. पंधरा हजार मागणारा दुसराच कुणी निघाला. त्यानं फोटो फक्त चॅनलवरून उचलले होते. तो यूपीआय आयडी तिसऱ्याच माणसाच्या नावावर होता. त्या तिसऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

मधे चार्जिंगची पिन सैल झाली. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला फोन चालतो पण फोटो, मेसेज, खाती दिसत नाहीत. तरी मी स्टुलावर समोरच बसून राहिले. नवं दुकान, कोवळा मुलगा. त्यानं सवयीनं पावती पुढे केली, नऊ ठिपक्यांची. मी ती चौकट आडवी रेघ मारून बंद केली, जशी हिशेबात रिकामी जागा बंद करतो. "लॉक नहीं है क्या?" त्यानं विचारलं. "है," म्हटलं. चाळीस मिनिटं लागली. त्याला माझं बसणं आवडलं नाही.

नवऱ्यानं एकदा विचारलं, ती वही आता ठेवायचीय का. एकंदर तेवीस नोंदी आहेत, बावीसांपुढे लाल शाईत "काढले" आणि तारीख. सुरुवातीला रोज शोधायचे, मग आठवड्यानं, आता महिन्याच्या एक तारखेला पगारपत्रकं झाली की. विसावी नोंद त्या दुसऱ्या साइटची आहे. गेल्या एक तारखेलाही ती तिथेच होती. पान भरलं होतं म्हणून तेवढी एक ओळ नव्या पानावर उतरवली आणि रकान्यात लिहिलं, बाकी 1, मागील पानावरून पुढे.